विसाव्याच्या अलीकडे

"विसावा," बकुळेने मोठ्याने वाचलं आणि रिक्षाची दांडी घट्ट धरली. मोतीबिंदू काढून आठवडा होत आला होता. आता सगळं लख्ख दिसेल, असं डॉक्टर नुकतेच म्हणाले होते, आणि लख्ख दिसलं ते नेमकं हे. रस्त्याच्या मधोमध, गाड्या ज्याच्याभोवती गरागरा फिरतात त्या गोल बेटावर, चकचकीत पत्र्याची तीन दांडगी अक्षरं उभी होती. इतकी वर्षं तिथे काहीतरी चमकतं एवढंच तिला कळे. पाण्याची टाकी असेल, अशी तिची समजूत. अक्षरांच्या पुढ्यात एक बाक होता. सिमेंटचा, पाठीला टेकू असलेला, कुणी कधी न बसल्यामुळे कोरा करकरीत.

"म्हाताऱ्यांसाठी केलानी, काकी," रिक्षा चालवणारा तिचा पुतण्या नितेश म्हणाला. "बसून हवा खावा म्हणून."

"कोण बसतो?"

"कावळा बसतो कधी कधी."

नितेश हसला. बकुळा हसली नाही. डॉक्टरांनी दिलेल्या काळ्या चष्म्याआडून ती मान वळवून बघत राहिली, मधे एक डंपर येऊन अक्षरं झाकली जाईपर्यंत. राग आला की तिची कानशिलं तापत. आज तसं काही झालं नाही. पोटात काहीतरी गार होऊन बसलं, आणि ते रिक्षाच्या धक्क्यांनी हललंसुद्धा नाही. ह्या मेल्यांनी अक्षरं लावली, तिने मनात म्हटलं. आमची जागा नेली आणि तिचं नाव तेवढं पत्र्यात कापून टांगलं.

विसावा म्हणजे काय हे वरच्या आळीत शेंबड्या पोरालाही ठाऊक. प्रेत घरातून निघालं की स्मशानाच्या वाटेवर एकदा तिरडी खाली टेकवायची, पुढच्या खांदेकऱ्यांनी मागे आणि मागच्यांनी पुढे व्हायचं, चार तांदूळ टाकायचे आणि पुन्हा उचलायचं. ती टेकवायची जागा म्हणजे विसावा. इथला विसावा उंडीच्या झाडाखाली होता. जांभ्याचा एक बसका चौथरा, पावसाळ्यात शेवाळाने हिरवा आणि एरवी उंडीच्या फळांनी बरबटलेला. बकुळा लग्न होऊन आळीत आली तेव्हा सासूने तिला पहिल्याच आठवड्यात ती जागा दाखवली. "हितं पाय लावू नको," म्हणाली, "आणि हितनं पुढं जावचा नाय." आळीतल्या बायका मयताबरोबर निघत, पण विसाव्यापर्यंतच. तिरडी टेकली की शेवटचं बघून घ्यायचं, आणि पुरुषांनी ती उचलली की वळायचं. एकदा वळलं की मागे बघायचं नाही. सासू गेली तेव्हा बकुळा अशीच वळली होती. घरी येऊन सगळ्या न्हाल्या, शेजारणीने आणलेला भात गिळला, आणि तिला जाणवलं की रडू घरापर्यंत आलेलंच नाही, ते तिकडे झाडाखालीच राहिलं. पुरुषांना स्मशान असतं, अस्थी असतात, राख सावडायची असते. बायकांच्या वाट्याला तेवढं वळणं होतं, आणि तेवढं त्यांना पुरत असे.

मग रस्ता रुंद करणारे आले. त्यांना आळीत नुसतं रस्तेवाले म्हणत. त्यांच्यात एक तरुण साहेब होता, बोलायला गोड, हातात रंगीत चित्र घेऊन फिरणारा. चित्रात रस्ता काळाभोर, झाडं सगळी एका मापाची, आणि बाजूने सडपातळ माणसं चाललेली, एकाच्या हातात कुत्र्याची साखळी. "ह्यात आमी कुठले?" बकुळेने विचारलं होतं, आणि साहेब नुसता गोड हसला होता. मग त्याने उंडीकडे बोट करून विचारलं, या जागेला तुम्ही लोक काय म्हणता? बकुळेचा नवरा, अख्खी आळी ज्याला दाजी म्हणे तो, पायरीवर बसून अडकित्त्याने सुपारी कातरत होता. मान वर न करता दाजी म्हणाले, "विसावा." "वा! किती सुंदर शब्द!" साहेब म्हणाला, आणि त्याने तो चित्रावरच लिहून टाकला. त्या शब्दाचा अर्थ त्याला कुणी सांगितला नाही. आमच्याकडचा माणूस फुकटचं ज्ञान देत नाही. समोरचा खड्ड्यात पाय घालतोय म्हटल्यावर खड्डा किती खोल आहे ते आधी बघतो. त्या दिवशी जेवताना दाजी ठसका लागेस्तोवर हसले. "मी काय खोटा बोललो काय? इचारलान, सांगितला." दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनीच साहेबाला गाठून विचारलं, बाक मधोमध ठेवणार, तर बाकापर्यंत जायचं कुठून? "ते फेज टूमध्ये आहे, काका." तेव्हापासून जे कधीच होणार नाही त्याला आळीत फेज टू म्हणायला लागले. नितेशचं लग्नही फेज टूमध्ये होतं.

रस्ता झाला तेव्हा आधी उंडी आणि तिच्याखालचा चौथरा गेला, त्या जागी ते गोल बेट आलं, आणि मग पायऱ्या गेल्या. प्रत्येक घराला जांभ्याच्या तीन-चार पायऱ्या होत्या आणि आळीचा अर्धा संसार त्यांच्यावर चालत असे. तिथे जवळा निवडायचा, आमसुलं वाळत घालायची, पोरींच्या वेण्या घालायच्या, भांडायचं, आणि भांडण मिटलं की तिथेच बसून चहा प्यायचा. रस्त्यात पोरं क्रिकेट खेळत, आणि एखादा टेम्पो आलाच तर ड्रायव्हर खिडकीतून मान काढून ओव्हर संपायची वाट बघे. हे सगळं काही फार थोर होतं असं बकुळेला कधी वाटलं नाही. उलट पोरांच्या कलकलाटाला ती कावलेलीच असे. ते गेल्यावर कळलं की घराबाहेर एक घर होतं, आणि कापून नेलं ते तेच. आता दार उघडलं की उंबऱ्याला लागून पांढरी रेघ आणि रेघेला लागून चाकं. समोरच्या शाळेची घंटा स्वयंपाकघरात ऐकू येई, पण नातीला, मनस्वीला, शाळेत सोडायला नितेशची रिक्षा लागे आणि ती पार नाक्यापर्यंत जाऊन वळसा घालून येई. समोरच्या बाजूची कमळा, जिच्याशी बकुळेचा तीस वर्षांचा अबोला आणि मैत्री आलटून पालटून चालत असे, ती आता फोनवर भेटायची. फोनवर अबोला धरता येत नाही, त्यामुळे मैत्रीतही राम राहिला नाही.

पण खरं म्हणजे रस्त्याने दाजींना नेलं. हे ती कुणाला सांगत नसे, कारण सांगितलं की लोक विचारत, अपघात झाला काय? अपघात कसला. दाजींनी जन्मभर बंदराजवळच्या बर्फाच्या कारखान्यात काम केलं, आणि कामावरून निवृत्त झाल्यावरही रोज संध्याकाळी ते जेटीपर्यंत चालत जात. वाटेत दिसेल त्याच्याशी बोलत, कुणाच्या होडीला, कुणाच्या जावयाला नावं ठेवत, आणि दिवेलागणीला पिशवीत चार बांगडे घेऊन परत येत. रस्ता झाल्यावर ते चपला घालून दारात उभे राहू लागले. एक पाय खाली ठेवत, मग मागे घेत. "आज गाड्या जास्त हायत," असं म्हणत आत येत. रोज म्हणत, आणि रोज अशा आवाजात, की उद्या कमी असतील. डॉक्टर म्हणाले, साखर वाढली आहे, फिरायला जात जा. म्हणून ते टीव्हीपासून फ्रीजपर्यंत फिरत, पाठीमागे हात बांधून, जणू जेटीवरच आहेत. पहिले काही दिवस बकुळा त्यांची थट्टा करी, आज बांगडा काय भाव, म्हणून विचारी. पुढे तिने थट्टा करायची सोडली. मग त्यांनी चपला घालणं सोडलं. गुडघे आखडले, मग कंबर, मग तोंड. बोलायला माणूस भेटेना तर नावं कुणाला ठेवणार? गेल्या वर्षी गणपती उठल्यावर एका दुपारी ते खुर्चीतच गेले, तोंड दाराकडे. वय झालं होतं, लोक म्हणाले, साखर होती. रस्त्याचं नाव कुणी घेतलं नाही, कारण रस्त्याने त्यांना धक्का लावला नव्हता. बकुळेच्या मते लावला होता, रोज संध्याकाळी थोडा थोडा.

आणि त्या दिवशी शववाहिका आली. "काकी, चालत नेला तर आणखी दोघंतिघं जातील," नितेश म्हणाला होता. मुंबईहून धावत आलेला तिचा मुलगा विनोदही तेच म्हणाला. तिची सून दीपाली रडत होती. बकुळेने होकाराची मान हलवली. ती मान का हलवली, हे तिला अजून कळलेलं नाही. पांढऱ्या गाडीचं मागचं दार धाडकन लागलं, पुरुष रिक्षांत आणि मोटरसायकलींवर बसले, आणि क्षणात सगळं नाहीसं झालं. उंबऱ्यात बायका राहिल्या, पुढे टाकायला पाऊल नाही म्हणून जिथल्या तिथे. यमुनाबाई शेजारीण म्हणाली, चला गो, न्हावा आता. बकुळा न्हायली. भातही गिळला. पण कुठून वळायचं ते न सापडल्यामुळे ती वळलीच नाही. वर्षश्राद्ध झालं, विनोद येऊन गेला, आणि ती अजून त्या पांढऱ्या गाडीच्या दिशेने तशीच तोंड करून उभी होती, भाजी चिरताना, देवाला दिवा लावताना, डोळ्याच्या ऑपरेशनच्या टेबलावर पडल्या पडल्यासुद्धा.

नितेशने रिक्षा दाराशी लावली आणि तिला उतरवून तो निघून गेला. बकुळा घरात गेली नाही. पांढऱ्या रेघेवर उभी राहून तिने बेटाकडे पाहिलं. दूर कुठे? हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्यावर. तिने एक पाय खाली ठेवला आणि मागे घेतला, आणि घेतल्याबरोबर तिला आपलीच शिसारी आली, कारण पाय मागे घेण्याची ती तऱ्हा तिची नव्हती, दाजींची होती. तिने पुन्हा पाय टाकला. एक मोटरसायकल अंगावरून गेल्यासारखी गेली आणि वारा पदरात शिरला.

"ओ आजी, मरायचंय काय?"

मरायचंय काय. ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि तो प्रश्न तिने नीट तोंडात घोळवला. गेल्या पावसाळ्यात खालच्या आळीतलं एक मयत ह्याच रस्त्याने चालत गेलं होतं. त्यांच्याकडचे म्हातारे हट्टाला पेटले होते. तेव्हा तिला दिसत नव्हतं धड, पण कानांना कळलं. हॉर्न थांबले. डंपरने इंजिन बंद केलं. रस्ता झाल्यापासून पहिल्यांदा तिला समोरच्या शाळेतली पोरं पाढे म्हणताना ऐकू आली. म्हणजे थांबता येतं ह्यांना, तिला तेव्हा वाटलं होतं, आणि वाटल्यावर रात्रभर झोप आली नव्हती, कारण मग दाजींनाही चालत नेता आलं असतं. आज त्याच्या पुढचं सुचलं. ह्या रस्त्यावर मेलेल्या माणसाला मान आहे. जित्याने मधे यायचं नाही. चालणारा मेला, की त्याला वाट. अरे वा! बकुळा एकटीच फसकन हसली. पोटातला गार गोळा आता तापायला लागला होता, आणि ते बरं वाटत होतं.

सकाळी शाळेच्या वेळेआधी तिने खडेमिठाचं मडकं रिकामं केलं. न्हाणीच्या चुलीतले निखारे त्यात घातले, वर नारळाची सुकी सालं, सोडणं, टाकली, आणि सुंभाच्या शिंक्यात मडकं अडकवलं. धूर जाड आणि पांढरा आला. डोळ्यांना धूर लागू देऊ नका, असं डॉक्टरांनी चारदा बजावलं होतं, म्हणून तिने काळा चष्मा लावला. चपला काढल्या. मनस्वीच्या पाठीवर दप्तर चढवणारी दीपाली ते बघून जागीच गारठली.

"आई! कोण गेला?"

"कोण नाय. मना बाकावर बसूचा हाय."

"अवो पन मडका... आई, लोक काय म्हनतील? अवदसा आठवली काय तुमाला?"

"आठवली. इतकी वर्षा आठवली नाय ह्येच चुकला."

धुराच्या वासाने यमुनाबाई शेजारच्या दारातून बाहेर आली आणि तिने कपाळावर हात मारला. "बकुळे, ता खाली ठेव. मयत नसताना मडका धरू नये. घरावर येतो."

"घरावर यायचा ऱ्हायलाय काय आणखी?" बकुळा म्हणाली. "रस्ता आला. पायऱ्या गेल्या. मानूस गेला. आता मडक्याला भ्येतंस होय तू?"

"आनि मोडलान कोणी टंगडी तर?"

"तर तुमी घेऊन जावा मना. पन चालत."

पुढे मडकं धरून चालणं हे मुलाचं, पुरुषाचं काम, हे बकुळेला माहीत नव्हतं थोडंच? माहीत होतं म्हणूनच तिने शिंक्याची गाठ पुन्हा एकदा ओढून बघितली. सासूने दाखवलेल्या, आईने शिकवलेल्या, सगळ्या बायकांनी पाळलेल्या एवढ्या नेमांवर पाय देऊन जायचं म्हणजे थट्टा नाही. पण नेम पाळायला निदान वाट तरी शिल्लक ठेवायची होती. तिने पदर खोचला, मडकं समोर धरलं आणि पांढऱ्या रेघेवरून खाली पाऊल टाकलं.

घाई केली नाही. मयताबरोबर चालतात तशी ती चालली, एक पाऊल, मग दुसरं, मान ताठ. डावीकडून येणारी मोटार आधी हॉर्न देत होती. मग तिला धूर दिसला असावा, कारण हॉर्न मधेच तुटला. ब्रेक लागले. एक स्कूटरवाला थांबला आणि त्याने हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं. डंपरचं इंजिन बंद झालं. बकुळेने त्यांच्याकडे पाहिलं नाही. तिचं सगळं लक्ष तळपायांत होतं, कारण इतक्या वर्षांत हा रस्ता तिच्या पायाला कधी लागला नव्हता. गुळगुळीत होता. उन्हाने थोडा ऊबदार झाला होता. म्हणजे चालायला काही वाईट नव्हता तो! इथे आपल्या पायऱ्या संपत होत्या, तिला वाटलं. इथे पोरांचा स्टंप म्हणून दगड असे. इथे कमळेने माझ्या नावाने बोटं मोडली होती आणि इथेच मागाहून गरम घावने आणून दिले होते. सगळं खाली जागच्या जागी होतं, वर नुसतं डांबर ओतलेलं. भीती वाटत होती, चांगलीच वाटत होती, पण त्या भीतीत एक मजा होती, लहानपणी दुसऱ्याच्या बागेत कैरीला दगड मारताना वाटे तशी.

बेटावर चढायला पायरी नव्हती. कठडा तिच्या गुडघ्याएवढा उंच. म्हाताऱ्यांसाठी म्हणे! तिने एका हाताने शोभेचं झुडूप मुठीत धरलं, ते उपटून हातात आलं, दुसरं धरलं आणि ती वर चढली. मडकं सांभाळलं. इथेच कुठेतरी चौथरा होता. उंडीचं मूळ कदाचित अजून खाली असेल, कदाचित नसेल. तिने बाकाकडे पाहिलं. बाक रिकामा होता. "अवो, आलंय मी," ती हळू म्हणाली. एवढंच म्हणायचं होतं, आणि ते म्हणायला वर्ष लागलं. चष्म्याच्या आतून पाणी गालावर आलं. धुराचं होतं, आणि सगळंच काही धुराचं नव्हतं. मग बायका वळतात तशी ती वळली, घराकडे तोंड करून.

डोळे आता लख्ख दिसणारे होते. तिला दिसलं की दीपाली रेघेवरून खाली उतरली आहे. मनस्वीचं मनगट तिने इतकं घट्ट धरलं होतं की पोरगी वाकडी चालत होती. त्यांच्या मागे यमुनाबाई, तोंडाने अखंड काहीतरी पुटपुटत, दोन्ही हातांना दोन नातवंडं. तिच्या मागे आळीतली आणखी दारं उघडत होती, दप्तरं बाहेर येत होती. मोठ्या बायका मयताच्या चालीने चालत होत्या, खाली बघून. मनस्वीला ते जमेना. अर्ध्या रस्त्यात तिने आईचा हात सोडवून घेतला आणि ती उड्या मारत यायला लागली.

बेटाच्या पलीकडच्या अंगाला एक वाहतूक पोलीस उभा होता. कोवळा, मिसरूड फुटलेला, बहुधा देशावरून आलेला. धूर बघून त्याने दोन्ही बाजूंच्या गाड्यांना हात केला होता, आणि दुसऱ्या हाताने टोपी काढून छातीशी धरली होती. बराच वेळ तो रस्त्याच्या त्या टोकाकडे बघत राहिला. तिरडी येईना. शेवटी तो तिच्याजवळ आला आणि खालच्या आवाजात, अदबीने त्याने विचारलं,

"आजी, मयत कुठंय? कोण गेलं?"

"अजून कोण नाय," बकुळा म्हणाली. "हात खाली घेव नको, बाबा. पोरा येतायत."